मॉरिस एट सीरिज ई की मॉरिस मायनर? मिरवायला नाही, चालवायला हवीय

मुठाकाठी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं जुन्या गाडीसाठी पैसे बाजूला टाकत होतो, आता जमलेत आणि नेमक्या दोन गाड्या एकदम समोर आल्यात, दोन्ही मॉरिस या इंग्लिश कंपनीच्याच, त्यामुळे डोकं पार भंजाळलंय. एक आहे १९४७ ची मॉरिस एट, सीरिज ई, चार दरवाजे, काळी, नाशिकजवळ एका वाड्यात उभी असते, मालक गेले आणि मुलाला ती सांभाळायची नाहीये. दुसरी १९५१ ची मायनर, एमएम म्हणजे मायनरचं पहिलं मॉडेल, समोरची काच दोन तुकड्यांची, दोन दरवाजे, कोल्हापूरला आहे, नुकताच रंग मारलाय आणि फोटोत इतकी देखणी दिसते की बायकोने बघताक्षणी हीच म्हणून सांगितलं. किमतीत फरक आहे पण फार नाही, एट थोडी स्वस्त.

एखाद्या रॅलीत नेईनही, पण मला मुख्य म्हणजे चालवायचीय. रविवारी सकाळी खडकवासला-पानशेत, कधी भोर, आणि वर्षातून एकदा तरी वाईला जाऊन यायचंय, म्हणजे खंबाटकी आला. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात हे आत्ताच सांगून ठेवतो. राहायला कर्वेनगरला, पार्किंग झाकलेलं आहे. पाना-पकड हातात धरता येते, इंजिन मात्र कधी खोललेलं नाही. पॉवर कुठलीला जास्त, घाटात कुठली चढेल, आणि पुण्यात कोणाची कामं होतात? ज्यांनी या गाड्या हाताळल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ग्रीसगन:

पॉवरचा विषय आधी मिटवून टाकू, कारण दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे. ९१८ सीसी, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), चार सिलिंडर. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनला अर्ल्स कोर्टच्या शोमध्ये मायनर आली, तिच्या डिझायनरच्या, इसिगोनिसच्या डोक्यात तिच्यासाठी वेगळंच फ्लॅट फोर, म्हणजे दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेलं इंजिन होतं, ते काही झालं नाही, मग कंपनीने सीरिज ईचंच इंजिन थोडा हात फिरवून त्यात बसवलं. मायनरचं बॉनेट उघडलंस की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा का दिसते त्याचं कारण हेच, ती जागा दुसऱ्याच इंजिनासाठी ठेवलेली होती. दोन्हीत ताकद ३० हॉर्सपॉवरच्या आतच, सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांच्या आसपास जाऊन दम संपतो. ओव्हरहेड व्हॉल्व्हचं ८०३ सीसीचं इंजिन मायनरला १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एक झाल्यावर मिळालं, तुझी ५१ ची आहे म्हणजे तिच्यात ते नसणार. असेल तर कोणीतरी नंतर बदललंय.

आता फरक कुठे आहे ते सांगतो. एट म्हणजे युद्धापूर्वीच्या घडणीची गाडी, खाली वेगळी चॅसी म्हणजे सांगाडा, पुढे सरळ आडवा अ‍ॅक्सल, पुढेमागे स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंगला बॉक्स. मायनरमध्ये इसिगोनिसने पुढचं सगळंच बदललं, दोन चाकं स्वतंत्र, टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, दातेरी पट्टीचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, आणि चॅसी नाहीच, सगळा पत्राच अंग धरून उभा. इंजिन पुढे सरकवून पुढच्या चाकांवर आणलं, त्यामुळे मायनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ८६ इंच, एटपेक्षा कमी, तरी आत बसायला जागा जास्त. आणि वळणावर जो फरक पडतो ना तो तू स्वतः चालवल्याशिवाय कळणार नाही. पानशेतच्या रस्त्याला धरणाच्या कडेने वळणं आहेत, तिथे मायनर बोटांनी वळवता येते, एटला आधी स्टिअरिंगमधली मोकळी चाल संपवायची, मग गाडी वळायला लागते, मग परत सरळ करायची. सत्तर वर्षांपूर्वीच्या छोट्या इंग्लिश गाडीत इतकं चांगलं स्टिअरिंग मी दुसरं बघितलेलं नाही, आणि हे मी अगदी मनापासून म्हणतोय.

म्हणून माझं मत मायनर. पण डोळे झाकून नाही, गाडीखाली झोपून. नवीन रंग मारलेली म्हणतोयस तिथेच मला धाकधूक आहे. मायनरला चॅसी नाही म्हणजे पत्रा सडला की गाडीच सडली. टॉर्शन बार मागे जाऊन गाडीच्या मध्यावर एका आडव्या क्रॉसमेंबरला अडकतात, तो क्रॉसमेंबर गंजला तर पुढचं सस्पेन्शन कशाच्या जोरावर उभं राहणार? तो बघ, दोन्ही बाजूंच्या दरवाज्याखालच्या सिल्स बघ, जॅक लावायची जागा बघ, मागच्या पाट्यांची टोकं जिथे बसतात तो भाग बघ. सोबत एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून ने, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाहीये, लांबी म्हणजे पुटी भरलीय. आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचल, खाली एक झाकण असतं, त्यातून ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल टाकतात. ते झाकण काढून आत बोट घाल. वरून कितीही चकाचक केलेली असली तरी या खोबणीत कोणी रंग मारत नाही, तिथे गाडी खरं बोलते.

सदाशिवातली_एट:

ग्रीसगन दादा, तुमचं स्टिअरिंगबद्दल पटलं, पण एटला इतकं मागे टाकू नका. सासऱ्यांची १९३९ ची सीरिज ई आमच्याकडे आहे आणि आता ती मीच चालवते, लक्ष्मी रोडची गर्दी सोडून सगळीकडे. लोक युद्धाआधीची गाडी म्हटलं की घाबरतात, पण एटला १९३५ पासून लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत, त्या वेळी फोर्डच्या छोट्या गाड्यांना अजून यांत्रिक ब्रेक होते. सीरिज ईला गिअरही चार, आधीच्या एटला तीनच होते. पुढचे दिवे मडगार्डात बसवलेले, जाळी धबधब्यासारखी खाली उतरणारी, आणि आमची तरी गल्लीतून निघाली की पोरं सायकल थांबवून बघतात.

पण मुद्दा दिसण्याचा नाहीये. मुठाकाठी, तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, आणि मायनर आहे दोन दरवाज्यांची. पुढची सीट पाडून, वाकून, मागे सरकायचं, आणि उतरताना तसंच उलटं. माझ्या सासूबाई ते करूच शकल्या नसत्या. आईंना पुढे बसवलं तर मुलगी आणि बायको मागे, प्रत्येक चहाच्या टपरीवर आईंनी आधी उतरायचं मग या दोघी उतरणार. चार दरवाज्यांच्या एटमध्ये हा प्रश्नच नाही. एटचं उंच बसणंही म्हाताऱ्या माणसाला सोपं पडतं, खाली खड्ड्यात बसल्यासारखं होत नाही.

आणि पुण्यात कामाचं म्हणाल तर एटसारखी सोपी गाडी नाही. चॅसीचा गंज दिसतो, वेल्डिंगवाला समोर उभा राहून नीट करतो. पाटे कमानवाला बांधून देतो. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, बुश भोसरीला लेथवर करून मिळाले, नमुना दिला की झालं. जास्त त्रास चाकांचा, १७ इंची बारीक टायर सहज मिळत नाहीत, आणि गाडी सहा व्होल्टची आहे, दिवे मिणमिणते. रात्री मी चालवत नाही.

मुठाकाठी:

दोघांचेही मनापासून आभार. आईचा मुद्दा मी स्वतः लिहूनसुद्धा दरवाज्यांशी जोडला नव्हता. मायनर चार दरवाज्यांची येते का? आणि घाटात गरम होण्याचं कोणी बोललंच नाही, खंबाटकीला उन्हाळ्यात मोठ्या मोठ्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात.

ग्रीसगन:

चार दरवाज्यांची मायनर १९५० पासून आहे, पण तुझ्यासमोर असलेली दोनच दारांची आहे ना, मग त्यावरच बोलू.

घाटाचं सांगतो. हे इंजिन लांब स्ट्रोकचं आहे, बोअर (सिलिंडरची रुंदी) ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ९०. इंग्लंडमध्ये तेव्हा गाडीवरचा टॅक्स बोअरच्या मापावर ठरायचा, स्ट्रोक कितीही ठेवा, म्हणून सगळ्यांनी सिलिंडर बारीक आणि उंच केले. तो टॅक्स १९४७-४८ ला गेला, इंजिन मात्र राहिलं. त्याचा आपल्याला फायदा असा की कमी आरपीएमला ओढ चांगली आहे, दुसऱ्या गिअरला टाकून शांतपणे चढवत राहिलास तर चढते, घाई केलीस तर उगाच तापते. पहिल्या गिअरला दोन्हीत सिंक्रो नाही, म्हणजे दाते आपोआप जुळत नाहीत, चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबणं, करावं लागेल, म्हणून चढण सुरू व्हायच्या आधीच दुसरा टाकून घे, ट्रकच्या मागे अडकून मग धडपडू नकोस. वाईला जाताना घाट चढायचाय, येताना बोगदा आहे, म्हणजे अवघड काम सकाळच्या थंडाव्यात उरकतं हे बरंच आहे.

गरम होण्याबद्दल, सुरुवातीच्या मायनरला वॉटर पंपच नव्हता, गरम पाणी आपोआप वर आणि थंड खाली अशा पद्धतीनेच फिरायचं, १९५० च्या अखेरीस पंप आला. तुझी ५१ ची आहे म्हणजे असायला हवा, बघून घे. पुढचे दिवेही मडगार्डवर असायला हवेत, त्याआधीच्या गाड्यांचे खाली जाळीच्या दोन बाजूंना होते. दिवे खाली आणि कागदावर ५१ असं असेल तर विचार. पंप असो नसो, रेडिएटर आतून साफ असणं आणि ब्लॉकमधला गाळ काढलेला असणं जास्त महत्त्वाचं, या ब्लॉकच्या मागच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ बसतो आणि मागचा सिलिंडर उगाच भाजत राहतो.

अजून एक राहिलं, मायनरचं पुढचं चाक. वरखाली दोन ग्रीसचे निपल असतात, खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्याला, वेळेवर ग्रीस गेलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा हळू वळताना होतं म्हणून माणसं वाचतात. जॅक लावून चाक वर उचल, वर आणि खाली धरून हलव, खटखट झाली तर किमतीतून तेवढे पैसे वजा कर. आपल्याकडे याचं काम जमणारे मिस्त्री आहेत, कारण अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच, तिलाही पुढे टॉर्शन बारच होते. ज्याने आयुष्यभर अ‍ॅम्बॅसॅडरची पुढची बाजू उतरवलीय त्याला मायनर परकी वाटत नाही. नाना पेठेत दोनचार जुन्या दुकानांत विचार, नाव कळेल.

पासिंग_पाहून_घ्या:

गाडीचं तुम्ही बघालच, कागदाचं मी सांगतो. आधी आरसी बुक बघा, टॅक्स आणि रिन्यूअल कधीपर्यंतचं आहे, चॅसी नंबर प्लेटवर आहे तोच कागदावर आहे का, आणि इंजिन नंबर. बॉनेटमध्ये जागा भरपूर म्हणून आपल्याकडे काही मायनरमध्ये फियाटचं इंजिन बसवलेलं सापडतं, कागदावर जुनाच नंबर असतो. ट्रान्सफरच्या वेळी ते अडतं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने बेबी हिंदुस्तान म्हणून मायनर विकली होती, त्यामुळे कागदावर मॉरिस न लिहिता हिंदुस्तान लिहिलेलं असेल तर घाबरू नका.

५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नवीन नंबर घेतला तर त्यात व्हीए अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत. आधीपासून नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण तशी नोंदणी केली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांसाठीच रस्त्यावर आणायची असते. तुम्हाला दर रविवारी पानशेतला जायचंय, म्हणून ज्या गाडीची साधी नोंदणी जिवंत आहे आणि रिन्यू होऊ शकते तिला माझ्या मते जास्त वजन द्या. टोकन देण्याआधी आरसीचा फोटो मागवा, फोटो द्यायला टाळाटाळ केली तर कोल्हापूरपर्यंत पेट्रोल जाळू नका.

डायनॅमो_पिंपरी:

फक्त वायरिंग आणि पेट्रोलचं लिहितो. मायनर १२ व्होल्टची आहे, एट सहाची. दोन्हीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या आजच्या सवयीच्या उलट, त्यामुळे नवीन बॅटरी बसवताना गॅरेजच्या पोराच्या हातात देऊ नका, स्वतः उभे राहा. दोन्हीत वळताना दरवाज्यामागून बाहेर येणारे सिग्नलचे हात आहेत, मस्त दिसतात पण आजच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या दुचाकीवाल्याला ते कळत नाहीत, मूळ हात ठेवून खाली छोटे ब्लिंकर बसवून घ्या, दोन वायर तर टाकायच्यात. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपातला पडदा, कॉर्कचे गॅस्केट हे सगळं त्यात फुगतं किंवा चिरतं. गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचा करून घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी त्या पेट्रोलने भरून ठेवू नका, पाणी धरतं, आतून गंज लागतो. या एका कामात कंजुषी करू नका, गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मुठाकाठी:

दोन्ही बघून आलो. आधी कोल्हापूर. मायनर चालवली आणि ग्रीसगन म्हणाले ते स्टिअरिंगचं अक्षरशः खरं आहे, रंकाळ्याच्या बाजूने एक चक्कर मारली, परत द्यावीशीच वाटेना. दिवे मडगार्डवर, पंप आहे, इंजिन नंबर जुळतो, आरसी २०२८ पर्यंत. मग खाली झोपलो. डाव्या सिलला चुंबक मागच्या हातभर भागात चिकटतच नाही. जॅक लावायच्या जागी स्क्रू ड्रायव्हरने हलकं दाबलं तर काळ्या रंगाखालून पापुद्रे पडले. गालिचा उचलून ते झाकण काढलं, मास्टर सिलिंडरच्या बाजूचा पत्रा चाळणी झालाय आणि वरून फायबर लावून डांबर फासलंय. क्रॉसमेंबरला डाव्या टोकाला एकावर एक दोन पट्ट्या वेल्ड केल्यात. मालक भला माणूस आहे, त्यालाही हे माहीत नव्हतं, त्यानेही अशीच रंगवलेली घेतली होती, माझ्याबरोबर तोही खाली झोपला आणि गप्पच झाला.

नाशिकची एट चालवता आली नाही कारण ब्रेक पूर्ण बसलेत, पेडल सरळ खाली जातं. स्टिअरिंगला मोकळी चाल भरपूर. टायर चिरलेले. पण चॅसी टोकापासून टोकापर्यंत कोरडी, ठोकलं की टणटण आवाज येतो, चुंबक सगळीकडे चिकटतो, हॅन्डल मारलं आणि इंजिन दुसऱ्याच फेऱ्याला चालू. धूर नाही. आरसीची मुदत संपलीय पण गाडी आरटीओच्या रेकॉर्डवर आहे, असं मुलगा म्हणतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तिला मागचं दार उघडताना बघून बरं वाटलं. बायको अजून मायनरच्याच बाजूने आहे.

ग्रीसगन:

एट घे.

माझं मत बदललेलं नाही, चालवायला मायनरच चांगली. पण तू जी सांगतोयस ती मायनर चालवायची गाडी राहिलेली नाही. क्रॉसमेंबरच्या ज्या टोकाला टॉर्शन बार ताणून अडकवलाय तिथेच पट्ट्यांवर पट्ट्या आहेत, तो भार रोज तिथेच येणार. ते नीट करायचं म्हणजे गाडी पूर्ण मोकळी करायची, सिल कापायच्या, अंग वाकू नये म्हणून आतून आधार वेल्ड करायचे, मग एकेक तुकडा बदलायचा. हे काम करणारा माणूस मिळतो, पण पत्र्याचं काम मनाजोगतं होईपर्यंत तुझ्याकडचे पैसे संपतील आणि अजून तू पानशेतच्या रस्त्याला लागलेला नसशील. वहिनींना सांग, चांगल्या अंगाची मायनर पुढे कधीतरी मिळेल, मायनर १९७१ पर्यंत बनली, सोळा लाखांवर झाल्यात.

एटचं जे बिघडलंय ते सगळं सुटं होऊन टेबलावर येणारं आहे. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचा बॉक्स, बुश, टायर.

सदाशिवातली_एट:

मला आनंद झाला हे लपवत नाही!! आता कृपा करून ती नाशिकहून चालवत आणू नका, कितीही मोह झाला तरी, ब्रेक नसलेली गाडी चंदनापुरीच्या घाटात घालायची नाही, ट्रकवरच आणा आणि चाकं पट्ट्याने बांधा, बंपरला दोर लावू देऊ नका, जुने बंपर त्यातच वाकतात. घरी आली की पहिलं काम ब्रेक, चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर उतरवून बोअर बघून घ्या, आतून खड्डे पडले असतील तर स्लीव्ह टाकून मिळते, नुसते रबर बदलून चालवू नका. रबरी होज पाइप तर बघायचेही नाहीत, सरळ नवीन. मग स्टिअरिंग, आणि स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून चाल कमी करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, आधी किंगपिन आणि टाय रॉडचे सांधे बघा, अर्धी चाल तिथेच असते, बॉक्स आवळला की तो मधोमध अडकायला लागतो. टायरचं आमच्याकडे ज्यांच्यामार्फत झालं त्यांचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, वेळ लागतो म्हणून ऑर्डर आजच टाका.

पासिंग_पाहून_घ्या:

मुलगा म्हणतो यावर थांबू नका. मुदत संपलेल्या आरसीचं रिन्यूअल तिकडच्या आरटीओत होऊ दे, आणि वडील गेलेत म्हणजे आधी वारसाच्या नावावर गाडी यायला हवी, मग तुमच्या. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती आत्ताच मागून घ्या. टोकन द्या, पूर्ण पैसे या दोन गोष्टी झाल्यावरच.

मुठाकाठी:

टोकन दिलं. ट्रकवाल्याशी बोलणं चालू आहे, कागदपत्रांची यादी मुलाला पाठवली, त्याला बहीण आहे नागपूरला, तिची संमती तो आणतोय. सदाशिवातली ताई, नंबर मिळाला, १७ इंची चार आणि स्टेपनीचा एक असे पाच सांगितलेत. ग्रीसगन, ब्रेक उतरवायच्या दिवशी तुम्ही यायला तयार असाल तर मी रविवार ठेवतो, सगळं स्वतःच्या हाताने खोलायचंय आणि पहिल्यांदा कोणीतरी जाणता शेजारी उभा हवाय.

ग्रीसगन:

येतो. त्याआधी आठवडाभर प्रत्येक ब्लीड निपलवर (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) आणि पाइपच्या नटावर रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारत राहा, नाहीतर पहिलाच नट तुटेल. रिंग पाना आण, फिक्स पाना नको, आणि इंग्लिश मापाचे लागतील, मिलिमीटरचे बसणार नाहीत. नसतील तर बुधवारी जुन्या बाजारात बघ.